ओवाळणीत पक्कड

आमच्या घरात वस्तू वर्षभर बिघडायच्या, पण दुरुस्त व्हायच्या दोनदाच: नागपंचमीला आणि दिवाळीला. कारण ताई तेव्हाच माहेरी यायची.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं गाव लोणी भापकरच्या बाजूला, पाण्याची वाट बघणारं. ताईला दिलं अंथुर्ण्याला, उसाच्या घरात. लग्नाआधी आमच्याकडं जे मोडेल ते तीच जोडायची. तात्या, म्हणजे आमचे वडील, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर उघडायचे तेव्हा बॅटरी धरायला तिला न्यायचे. मला न्यायचे नाहीत, कारण मी उजेड तात्यांच्या डोळ्यांवर पाडायचो. बॅटरी धरता धरता ती सगळं शिकली आणि मी बाहेरच राहिलो.

तिची हत्यारं चारच. पक्कड, डिसमिस, दोन तोंडांचा पाना आणि टेस्टर. खताच्या गोणीतून तिनंच शिवलेल्या पिशवीत ती असायची, आणि लग्नानंतरही ती पिशवी आमच्याच घरी राहिली. "बाकीची हत्यारं दुकानदाराच्या फायद्याची, ही चार आपल्या कामाची," असं तिचं मत. त्यातही पक्कड लाडकी. धरायची, वाकवायची, तोडायची, वेळ पडली तर ठोकायचीसुद्धा. आईला सांडशी सापडली नाही की चुलीवरचं पातेलंही पक्कडीनंच उतरायचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी तिला एसटीवरून घरी आणायचो. चहा व्हायच्या आधी तिचा प्रश्न, "काय काय बिघडलंय?" मग टेबलफॅन, इस्त्री, स्टो, रेडिओ असे आजारी एकेक करून तिच्यापुढं यायचे.

"अगं, माहेरपणाला आलीस का मिस्त्रीकामाला?" आई ओरडायची.

खुद्द पंचमीला तर चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. एका वर्षी फॅन अर्धा उघडा पडलेला. ताईनं विचारलं, "आई, पेच फिरवला तर चालतंय का गं?"

आईनं पुरणाकडं बघत बराच विचार केला आणि निकाल दिला, "फिरव. पन ठोकायचं न्हाय."

सासरी मात्र ती कशालाच हात लावत नव्हती. लग्नानंतर लगेच तिनं तिथला एक पंखा खाली घेतला होता. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोरी, मिस्त्रीला सांगावा धाडू." रागावून म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या प्रेमानं म्हणाल्या.

मी तेव्हा बारामतीला बी.ए. करत होतो, म्हणजे हातानं करण्यासारखं काहीच शिकत नव्हतो. एकदा आई म्हणाली, "चार दिस येती आन चारी दिस फॅन उघडून बसती. तुला काय वाटत न्हाय का रं?"

वाटलं. दिवाळीपर्यंतच्या दोन महिन्यांत सगळं आपणच दुरुस्त करून ठेवायचं आणि ताईला आराम द्यायचा, असं मी ठरवलं. इस्त्रीनं पहिला झटका दिला तो मी बाजरीच्या पोत्यावर जाऊन पडलो. फॅन जोडल्यावर दोन स्क्रू उरले, ते मी परड्यात पुरून टाकले. फॅन ट्रॅक्टरसारखा वाजायचा, पण फिरायचा.

दिवाळीला ताई आली. "काय काय बिघडलंय?"

"काईच न्हाय," मी छाती काढून म्हणालो.

तिनं एकेक बटण दाबून बघितलं. फॅन फिरला, इस्त्री तापली, रेडिओ बोलला. "लई शाना झालास की," ती म्हणाली आणि हसलीही. मग ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं आईची घासलेली भांडी पुन्हा घासली. दरवर्षी भाऊबीज झाल्यावर आठवडाभर राहायची, त्या वर्षी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं गेली. तिकडं कामं पडलीत म्हणाली.

आई माझ्यावर उखडली, "काय बोललास तिला?"

"तो काय बोलतोय?" तात्या जेवता जेवता म्हणाले. "तिच्यासाठी काय शिल्लक ठिवलंय का त्यानं?"

पुढच्या पंचमीआधी मी घरातल्या वस्तू बिघडवल्या. हे मला शिकावं लागलं नाही. ताईनं इस्त्री उघडली, वायर बोटांत धरली. "ही तुटली न्हाय. कुनीतरी पक्कडीनं तोडलीया."

"उंदीर असंल," मी म्हणालो.

"मग त्या उंदराला सांग, आदी बटन बंद करत जा. मरंल एखांद्या दिशी."

त्या वर्षी ती नऊ दिवस राहिली. ते नऊ दिवस मला अजून कुठंतरी ठणकतात. ती सोप्यात बसलेली, पदर खोचलेला, समोर परातीत स्क्रू काढल्या क्रमानं मांडलेले, डिसमिस दातांत. आईला समोर बसून जे सांगायची नाही, ते ती पेचाकडं बघत मला सांगायची. सासरी दिवसभर किती गप्प बसावं लागतं. दुपारी कुठं जाऊन रडता येत नाही. मी नुसता पुढचा स्क्रू तिच्या हातात द्यायचो.

आणि त्याच दिवाळीला मी शहाणपणा केला. बारामतीहून चार नवी कोरी हत्यारं आणली आणि भाऊबिजेला ओवाळणीच्या ताटात ठेवली.

"भावबिजंला लोखंड?" आई कपाळाला हात लावून म्हणाली. "लुगडं कुठाय?"

ताईनं नवी पक्कड दोनदा उघडली, मिटली. चारही हत्यारं एका जुन्या साडीत गुंडाळून सासरी घेऊन गेली.

पुढचं दाजींनी सांगितलं. उन्हाळ्यात कॅनॉलला पाणी सुटलं आणि नेमकी मोटर चालू होईना. मिस्त्री पाहुण्याच्या लग्नाला गेलेला. ऊस वाळतोय, दाजी हातावर हात ठेवून बसलेले. ताईनं ट्रंक उघडली, साडीची गुंडाळी काढली आणि सरळ मोटरवर गेली. "पावनं, तासाभरात पानी पाटात!" दाजी सांगत होते. सासूबाई तर गल्लीभर सांगत सुटल्या होत्या.

त्या पंचमीला ताई दुपारी आली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. मी बिघडवून ठेवलेलं सगळं तिनं अर्ध्या तासात उरकलं. शेजारणीचा मिक्सर तिकडं उघडा पडलाय म्हणाली.

पुढच्या वर्षी निरोप आला की तूच ये. मी गेलो. ती ओट्यावर बसलेली, भोवती तीन बायका, तिघींचे तीन मिक्सर. एवढ्या मोठ्यानं हसताना मी तिला सासरी पहिल्यांदाच बघत होतो.

"बस येड्या, एवढं बसवून घेते," ती म्हणाली.

एवढं बसवून होईपर्यंत माझ्या गाडीची वेळ झाली. ती फाट्यापर्यंत आली, हात अजून ग्रीसनं काळे. गाडी दिसल्यावर म्हणाली, "आईला सांग, दिवाळीला बघते."

आधी ती नेहमी 'येते' म्हणायची.

मला आनंद झाला नाही असं नाही. झाला, चांगला झाला. पण घरी जाऊन आईला काय सांगायचं, ते बारामती आली तरी मला ठरवता आलं नव्हतं.