डॉक्टरीणबाईंना दिलेलं खोटं उत्तर

“टॉक्सिमिया,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या दंडावरचा पट्टा सोडला. म्हणजे गरोदरपणात बी.पी. चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, अंगाला सूज येते आणि बाळाला रक्त कमी पोचतं. मग टेपनं पोट मोजून म्हणाल्या, “दिवस सातव्याचे, बाळ सहाव्याएवढं.”

चार दिवसांपूर्वी हिरव्या बांगड्या भरताना कासारीण म्हणाली होती, “वयनी, हात लई सुजलाय की.” मी हसून टाळलं होतं.

पण माझी खरी चूक त्याच्याही आधीची. तिसऱ्या महिन्यात याच बाईंनी विचारलं होतं, “आईला, बहिणीला बाळंतपणात झटके आले होते?” शेजारी सासूबाई उभ्या. मी मान हलवून नाही म्हटलं.

थोरल्या आक्काला आले होते. तिचं मूलही गेलं. सांगोल्यात सगळे त्याला फेफरं म्हणाले. आमच्या घरात फेफरं आहे असं कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून माझं लग्न जमवताना ते झाकून ठेवलं होतं. मीही शहाणी, तेच पुढे चालवलं. खरं बोलले असते तर बाईंनी दर पंधरवड्याला बोलावून बी.पी. बघितलं असतं.

“घरात कुणाला झटके आले होते का? आता तरी खरं सांग,” बाई म्हणाल्या. मी सासूबाईंकडे न बघता सांगितलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

“हे फेफरं नव्हे,” बाई म्हणाल्या. “याच आजाराचे झटके ते. वेळेत कळलं तर सांभाळता येतं.”

सासूबाई म्हणाल्या, “फसवलंत व्हय आमाला?” आणि लगेच, “ते मागनं बघू. आदी डाव्या कुशीवर नीज.”

पाच आठवडे मी सोलापुरात दवाखान्याच्या खाटेवर होते. सकाळ-संध्याकाळ बी.पी., लघवी. बाळाची हालचाल थांबली की माझा जीव टांगणीला लागायचा. माझ्या अब्रूपायी ते उपाशी वाढत होतं, हे एकदा मनात आलं ते गेलंच नाही.

मुलगी झाली, पुरती चार पौंडही नाही. कापसात गुंडाळलेल्या त्या जिवाला सासूबाई चमच्यानं थेंब थेंब दूध पाजत. त्यांनी मला पुन्हा कधी बोल लावला नाही. त्याचीच जास्त लाज वाटायची.

यंदा धाकट्या बहिणीला दिवस गेले. मीच तिला त्याच बाईंकडे नेलं. तिची सासू शेजारी उभी. बाईंनी तोच प्रश्न विचारला. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हटलं.

 लेक कडेवर होती, दोन वर्षांची, अजून हलकीच.

“बाई, ती खोटं बोलतेय,” मी म्हणाले. “आमच्या थोरलीला झटके आले होते. मला हाच आजार झाला होता. लिहून घ्या.”