शेगडी बाजेखाली

माघातली गोष्ट. मोगलाईतलं आमचं पाटोदा डोंगरावर, त्यामुळं थंडी लई. उमापूरचे एक पाटील मला लेक द्यायची का नाही ते ठरवायला एका संध्याकाळी आले आणि आल्या आल्या म्हणाले, "इथं माझी पोर गारठून मरंल."

सोयरीक हातची जाते म्हटल्यावर मला अक्कल सुचली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेगडी पेटवून मी त्यांच्या बाजेखाली सरकवली आणि तिला निवू म्हणून दिलं नाही. आई ओरडली, "मुडद्या, बाजंखाली इस्तू ठेवत असत्यात का? अन् होळीपर्यंतच्या गोवऱ्या आजच जाळतूस?"

मी म्हणालो, "पाव्हणे खूश हायेत."

होतेच. गोधडीवर बसल्या बसल्या ते घोरू लागले होते.

जेवणाच्या सुमाराला सुंभ जळाल्याचा वास आला. मी शेगडी ओढून काढतोय तोवर बाजेचं पोट फाटलं आणि पाव्हणे गुडघे कानाशी लावून चौकटीत अडकले. धोतराला भोक पडलं होतं, कातडी तेवढी वाचली.

"माझ्या पोरीलाबी असंच भाजणार का बे?"

"न्हाई मामा," मी घाबरून म्हणालो, "तिला आधी इचारीन."

पाव्हणे अडकल्या जागीच हसत सुटले. हसू आवरेना, म्हणून त्यांना बाहेर काढायलाही वेळ लागला. मग धोतर झटकत ते आईला म्हणाले, "पोरगी दिली. संगं गाडीभर सरपणबी धाडतो. पण इहीणबाई, शेगडी पोरीच्या हाती ठेवा, ह्याच्या न्हाई."