थर्मासमध्ये प्रागचा पाऊस

“सायेब, छत्री बाजूला घ्या! पाऊस अडतोय!”

चेअरमनबापू माझ्यावर खेकसले. ऑक्टोबर महिना, प्राग शहर, सकाळपासून झोडपणारा गार पाऊस. पुतळ्यांच्या त्या जुन्या दगडी पुलावर आमचे बापू धोतर, कोट, टोपी अशा थाटात भिजत उभे, हातात झाकण काढलेला थर्मास. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरतोय आणि वर बोलणीही मीच खातोय!

साल बहात्तरचं. मी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याचा चीफ इंजिनिअर होतो. आम्ही गेलो होतो टर्बाइनच्या ट्रायलसाठी. टर्बाइन म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणारं चक्र. त्यावर कारखान्याची वीज तयार होते. आमचं जुनं धूड गेल्या हंगामात सारखं बंद पडत होतं. नवीन मशीन आमच्यासमोर चालवून दाखवायचं, चेअरमननी सही करायची, मग ते बोटीवर चढायचं. आज ट्रायल झाली तर संक्रांतीच्या आसपास ते कारखान्यावर पोचणार होतं. तसा शब्द मी बोर्डापुढे छातीठोकपणे दिला होता. नुसत्या माझ्या सहीवर भागलं असतं तर बापूंना पुलावर सोडून मी केव्हाच सटकलो असतो.

“बापू, गाडी थांबलीय. ही माणसं वेळेची पक्की आहेत.”

“थांबू द्या. आजून तळबी झाकला न्हाई.”

भानगड अशी होती. त्या वर्षी आमच्याकडे पावसानं साफ दगा दिला होता. अशा वेळी बापूंच्या गावात महादेव कोंडतात. म्हणजे गाभारा पाण्यानं भरायचा, पिंडी बुडवायची आणि देवाला बजावायचं, पाऊस पाड, मगच मोकळा करू. पण यंदा गाभारा भरायला विहिरींतच पाणी नव्हतं. देव कोरडा तो कोरडाच. बापू निघताना गावकरी म्हणाले, तिकडं पाऊस असला तर थोडा आणा, देवाला दाखवू तरी. बापूंनी ते मनावर घेतलं होतं.

“अहो, हॉटेलच्या नळाचं देतो की भरून!”

“नळाचं? देवाला फशिवता व्हय?”

“मग पागोळ्यांचं घ्या.”

“ते छपराला शिवल्यालं. थेट आभाळातलं पायजे.”

आता थर्मासचं तोंड ते केवढं, त्यात पाऊस तिरका. माझ्या जिवाची नुसती तगमग. आमच्या दुभाषी हानाबाई गाडीतून उतरून आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “चेअरमनसाहेबांना बरं नाही का?”

“बरं आहे. पाऊस भरतायत.”

मी सगळी हकिगत सांगितली. बाईंनी क्षणभर बापूंकडे बघितलं, माझ्या हातातली छत्री घेतली आणि सरळ उलटी धरली. बघता बघता छत्रीत पाणी साठलं.

“कापडाला शिवलं, बापू,” मी कुजकटपणे म्हणालो.

“गाळून घेतल्यावानी झालं. चालतंय,” बापू म्हणाले. त्यांच्या सोयीचं होतं ना!

थर्मास काठोकाठ भरला. मी नखशिखांत भिजलो. मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत टर्बाइनच्या कारखान्यात पोचलो, तर मॅनेजर दारातच उभा. मी तोंड उघडायच्या आधी तोच माफी मागायला लागला. ट्रायल रद्द! पावसाचं पाणी टेस्ट विभागाच्या केबलच्या चरात शिरलं होतं. पुढचा नंबर थेट नाताळानंतर. बोटही तेव्हाचीच.

माझं डोकंच फिरलं. “बापू, आत्ता सही करून टाका. ट्रायल मागाहून होईल.”

“दात बघितल्याबिगर मी बैल घेत न्हाई.” मग त्यांनी विचारलं, “पानी लई झालं म्हनून काम बंद म्हनत्यात?”

“हो!”

बापू थर्मास पोटाशी धरून हसत सुटले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “हे गावात सांगितलं तर लोक मारतील मला,” म्हणाले.

गावी गेल्यावर तो थर्मास पिंडीवर रिता झाला. पिंडी जेमतेम ओली झाली. आभाळ तसंच निळंशार. त्या हंगामात उभा ऊस जनावरांच्या छावण्यांवर चाऱ्याला गेला. गाळप सुरू झालं तेच बंद व्हायला. ज्या टर्बाइनपायी मी रात्र रात्र जागलो, त्याची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. बापूंनी सहीचा अधिकार माझ्या नावे लिहून दिला आणि ट्रायलला पुन्हा मी एकटाच गेलो. सुएझ तेव्हा बंद, त्यामुळे बोट आफ्रिकेला वळसा घालून, बंदराबंदरात रखडत आली.

मृगात एका दुपारी पेट्यांचे ट्रक कारखान्याच्या गेटातून आत शिरले आणि पाऊस कोसळला. मी बोंबलत पळत होतो, “ताडपत्र्या आणा! मशीन भिजतंय!” बापू पटांगणात टोपी काढून, आभाळाकडे तोंड करून उभे होते.

“सायेब,” ते ओरडले, “तुमचं टर्बाइन आन माझा पाऊस एकाच बोटीनं आलं बगा!”

मी ताडपत्री सोडली नाही. पण त्यानंतर कुठल्याही बोर्डापुढे मी मशीन पोचायची तारीख छातीठोकपणे सांगितली नाही.