मिशांना मिशा लागल्या की

माझ्या आत्याच्या यजमानांइतका भांडणाचा अभ्यास केलेला आणि भांडणाला भ्यायलेला माणूस अख्ख्या बदलापुरात दुसरा नसेल. आतोबा अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. पहिल्या पाळीहून आले की चहाच्याही आधी खिडकीतल्या बरण्या बघायचे. एकेका बरणीत एकेक नर रातकिडा, सोबत काकडीची फोड. रविवारी दोन नर माशांच्या रिकाम्या टाकीत सोडायचे आणि वही उघडून बसायचे. मिशांना मिशा लागल्या, समोरचाही नरच आहे हे वासावरून कळलं, की जबडे उघडतात. ज्याला लपायला काड्यापेटीचं घर दिलंय तो जास्तच चेकाळतो. हरलेला गप्प होतो आणि जिंकलेला गातो, हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसायची सोय नसे. एकदा नळावर दोन शेजारी हमरीतुमरीवर आले. आत्या ओरडली, "अहो, मध्ये पडा ना!" आतोबा हळूच म्हणाले, "मिशा लागल्यात. आता उपयोग नाही."

नव्वद सालच्या आसपास त्यांच्या एकुलत्या मुलाने, वडिलांनी खटपट करून लावलेली कंपनीतली नोकरी न विचारता सोडली. कधी आवाज न चढवणारे आतोबा कडाडले, "हे घर माझं आहे. इथे माझंच चालणार!" "मग राहा तुमच्या घरात," म्हणून तो गेला, तो उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कपड्यांच्या दुकानात लागला. आठ महिने बोलणं नाही. शेवटी एके सकाळी आत्या म्हणाली, "किड्यांचं सगळं लिहिता. त्या दिवशी आधी कोण चिडलं, तेही लिहा की."

आतोबांनी वही उघडली, तशीच मिटली. सगळे रातकिडे चामटोलीच्या वाटेवर गवतात सोडून आले आणि मला म्हणाले, "चल, उल्हासनगरला."

मुलगा खाली मान घालून पँटींच्या घड्या घालत होता. "आओ साईं, क्या दिखाऊँ?" म्हणत त्याने वर पाहिलं आणि थांबला.

"घर माझं म्हणालो, ते चुकलं," आतोबा म्हणाले.

त्याने टेबलफॅनचं तोंड वडिलांकडे वळवलं. गिऱ्हाइकं येत-जात राहिली. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आईचे गुडघे?"

"दुखतात. ये एकदा."

"बघतो."

पुढे तो सणावाराला येऊ लागला. राहायला मात्र कधीच आला नाही. त्या दुपारी दुकानातून निघाल्यावर आतोबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "बारीक झालाय रे."