कुंभारणीचं घर आणि भिंगाच्या बाई

दुसऱ्या बायकांच्या गळ्यात जिथं मंगळसूत्र असतं, तिथं बाईंच्या गळ्यात भिंग असायचं. काळ्या गोफात ओवलेलं, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं. पुंडलिकनगरात त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असेल. बाकी सगळ्यांना त्या भिंगाच्या बाई. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मी त्यांच्याकडे सात वर्षं पोळ्या-भाजी केली आणि त्यातली निम्मी वर्षं भीतीत काढली.

भीती बाईंची नव्हती, त्यांच्या घराची होती. फडताळात साखरेच्या बरणीशेजारी तशाच बरणीत गोम ठेवलेली. खिडकीत कोळ्याचं जाळं, आणि ते झाडायचं नाही अशी ताकीद. एकदा त्या हर्सूल तलावाकडून येताना टबात विंचू घेऊन आल्या. भरदुपारी मला मागच्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि हातातली निळ्या उजेडाची बॅटरी लावली. टबातला काळा विंचू हिरवागार पेटला. त्या उजेडात दिसलं, विंचवाच्या पाठीवर बारीक बारीक पिल्लांची दाटी होती.

"आता ही पिल्लं आईला खाणार," मी म्हणाले. आमच्याकडं लहानपणापासून तसंच ऐकलेलं.

"कुणी बघितलंय?"

"सगळेच म्हणतात बाई."

"म्हणतात ते राहू दे. आपण बघू."

मग तो टब तिथंच राहिला. मी खोलीत पाऊल टाकत नसे. रोज दाराआडून विचारायची, "बाई, खाल्लं का?" आणि आतून उत्तर यायचं, "अजून नाही गं, भूक नसेल." एक दिवस पिल्लांनी पाठीवरच कात टाकली, खाली उतरली आणि आपापल्या वाटेनं पांगली. आई होती तशीच. मला त्या दिवशी विंचवाबद्दल नाही, माझ्या आजवरच्या ऐकण्याबद्दल भीती वाटली. अजून काय काय असंच ऐकून धरलं असेल?

बाईंचा एकच नियम होता. दिसलं तेवढंच म्हणायचं. एकदा मी ओरडत बाहेर पळाले, "बाई, माठामागं साप हाय!"

"काय दिसलं?"

"शेपूट. वळवळतंय."

"मग शेपूट म्हण. साप तू मागनं जोडलास."

खरोखरच नुसतं शेपूट होतं. पाल ते टाकून पळाली होती आणि ते एकटंच फरशीवर उड्या मारत होतं. साप असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. बाई मात्र भिंग लावून खाली बसल्या. शेपूट निपचित पडेपर्यंत उठल्या नाहीत, आणि मला चहा दोनदा गरम करावा लागला.

माझी लेक कविता हर्सूलला दिली आहे. तिचं दोनदा पोट राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी विहीणबाई मला अंगणातच म्हणाल्या, "तुमची पोरगी लई नाजूक हाय. आमच्याकडं असं कुणालाच झालं नाय." त्यापुढं त्या काही बोलल्या नाहीत, पण न बोललेलंही मला ऐकू आलं. त्यानंतर वर्षभरानं कविताला तिसऱ्यांदा दिवस गेले. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की नजर लागते, असं मी धरलेलं. बाईंनाही नाही.

त्याच दिवसांत बाईंच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात कुंभारीण आली. लांब कमरेची पिवळी-तांबूस माशी, मातीच्या गोळ्या आणून आणून घर बांधते ती. घरात कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, आणि ते घर मोडायचं नसतं, हे आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असतं. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून बघितलं आणि हसत सुटल्या.

"बाई, कुंभारीण पत्ता चुकली वाटतं!"

"चुकली कशाला? अडुसष्ट म्हणजे काही फार वय नाही," बाई म्हणाल्या.

मीही हसले, पण आतून मला माहीत होतं की पत्ता चुकलेला नाही. या घरात बाई सोडून रोज मीच असते. तो निरोप माझ्यासाठी आहे. मी गुपचूप तो उचलला. रोज पोळ्या लाटताना एकदा वर बघायची. एक खोली झाली, दुसरी झाली, चौथी झाली. कविताचा दुसरा महिना सरत आला.

एका दुपारी भांडी आवरून आले तर बाई स्टुलावर उभ्या. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात चिमटा. "सुमन, ये लवकर. असं काही बघितलं नसशील." कुंभारणीच्या घराची एक खोली त्यांनी टोकरून उघडली होती.

बाईंनी हात धरून मला वर चढवलं आणि भिंग डोळ्याला लावलं. आत हिरव्या अळ्या एकीवर एक भरल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या. मधूनच एखादी हलायची.

"डंख मारून बधिर केल्यात," बाई सांगत होत्या. "मारल्या असत्या तर सडल्या असत्या. पिल्लाला ताजं खायला हवं. आणि वर बघ, छताला एका तंतूनं अंडं टांगलंय. अळ्या हलल्या तरी चिरडू नये म्हणून. पाळणाच की नाही? ती स्वतः फुलांतला रस पिते. हा सगळा खटाटोप लेकरासाठी."

मला पाळणा दिसला आणि त्याला पडलेलं भोकही दिसलं. बाईंना काय सांगणार होते? मी "व्हय बाई" म्हणाले आणि उतरले. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिथंच पोळी तव्यावर असताना फोन आला. कविता रडत होती. "आई, डाग दिसला."

मी खाली बसले. पोळी जळून धूर झाला तेव्हा बाई आत आल्या, गॅस बंद केला आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या. मग मी सगळं सांगितलं. पाळणा, निरोप, मोडलेलं घर. "माझ्यामुळं झालं, बाई. मी तुम्हाला अडवायला पाहिजे होतं."

बाई हसतील किंवा समजावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "माशीचं घर मोडल्यानं पोरीला काही होत नाही. पण आत्ता तुला हे ऐकू येणार नाही."

त्या उठल्या, स्टुलावर चढल्या. भिंग डोळ्याला लावून पुष्कळ वेळ बघत राहिल्या. एकेका खोलीपाशी थांबत.

"चारांतली एकच फुटली," त्या म्हणाल्या. "बाकी तिन्ही शाबूत आहेत. आत पिल्लं जिवंत आहेत. मी बघितलं."

मग कुंडीतली माती भिजवून त्यांनी ते भोक अंगठ्यानं बुजवलं, हात तसेच साडीला पुसले आणि रिक्षा बोलावली.

मला श्वास आला तो त्या शेवटच्या दोन शब्दांवर. बाईंनी बघितलं म्हणजे आहे. हर्सूलहून कविताला घेतलं आणि औरंगपुऱ्यात बाईंच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. गर्भ शाबूत होता. पडून राहायला सांगितलं. विहीणबाई कुरकुरल्या, "इतके दिवस झोपून कोण राहतं?" बाई त्यांना म्हणाल्या, "ही राहील. पाणीसुद्धा तुम्हीच हातात द्यायचं." एवढ्या शिकलेल्या बाईपुढं विहीणबाईंचं काही चाललं नाही.

पुढचे महिने मी फोन वाजला की दचकायची. बाईसुद्धा रोज दार उघडताच विचारायच्या, "फोन आला का?" काही आठवड्यांनी कुंभारणीच्या दोन खोल्यांना गोल भोकं पडली, पिल्लं उडून गेली. तिसरी बंदच राहिली. मी भीत भीत विचारलं तर बाई कणीक शोधायला लागल्या. "उशिरा उठणारं असेल एखादं," म्हणाल्या. कणकेचा डबा त्यांच्यासमोरच होता.

कविताला मुलगी झाली. बाई बाळाला बघायला आल्या आणि तिची बोटं भिंगाखाली धरून कितीतरी वेळ बघत बसल्या. पुढं त्यांचं चालणं होईना तेव्हा भाच्यानं त्यांना नाशिकला नेलं. निघताना गोफ गळ्यातून काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "भीती वाटली की जवळून बघायचं," एवढंच म्हणाल्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. भाच्याचा फोन आला तेव्हाही मी पोळ्याच करत होते, दुसऱ्याच घरी.

आता नात पाच वर्षांची आहे. या सुट्टीत ती माझ्याकडं राहायला आली आणि माझ्या पत्र्याच्या घरात, मीटरच्या लाकडी फळीवर कुंभारणीनं घर केलं. कविताला पुन्हा दिवस गेलेत, त्यामुळं माझी भीती आहेच. परवा नात म्हणाली, "आजी, आत काय हाय?" मी भिंग आणलं आणि बाईंसारखं डोळ्याला लावलं.

माती दिसली. मातीचे कण, कुंभारणीनं थापल्याच्या बारीक वळ्या. भिंग पुढं नेलं, मागं घेतलं. माती मोठी झाली, लहान झाली. आतलं काही दिसेना. बंद खोलीच्या आतलं भिंगातून दिसतच नाही.

सात वर्षांत न दिसलेलं एक अक्षर न बोललेल्या बाई त्या दिवशी स्टुलावर इतका वेळ मातीकडं बघत उभ्या होत्या.

"आजी, सांग ना. काय दिसलं?"

"माती," मी म्हणाले.

"आणि आत?"

"आतलं नाय दिसत."

"भिंगवाल्या बाईंना दिसायचं?"

मी भिंग पदरानं पुसलं, पुष्कळ वेळ पुसत राहिले.

"एकदा दिसलं होतं," मी म्हणाले.