काठावरची निरगुडी

लग्न होऊन मी दारणेकाठच्या मळ्यात आले तेव्हा घरातून नदी दिसतच नसे. शेवटच्या सरीपलीकडे निरगुडीची दाट झाडी, मध्ये दोन करंज आणि खाली पाण्यात पाणकणसाचं रान. आम्ही झेंडू, मेथी, कोथिंबीर करायचो. माल नाशिकला जायचा.

त्या झाडीवरून एक कुरबूर कायमची होती. नदीच्या वरच्या अंगाला शेजारच्या काकांचा मळा, जरा खोलगट. ते दर पावसाळ्यात यायचे. "तुमच्या झाडीला पाणी अडतं अन् माझ्या वाफ्यात शिरतं. तोडा की आता."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते म्हणायचे, "पात्रातलं काढू. काठावरचं नाय."

काकांना सगळंच काढून हवं असायचं. दोघंही हटायचे नाहीत, आणि पात्रातलं पाणकणीसही तसंच राहून जायचं.

एका उन्हाळ्यात मामा पंधरा दिवस सटाण्याला लेकीकडे गेले. नवऱ्याने मला विचारलं, "काढून टाकू का सगळं? चार सऱ्या वाढतील." मी नको म्हणाले असते तर तो थांबला असता. मी काठाकाठाने पावलं टाकत मोजलं आणि म्हणाले, "चार नाही, पाच होतील." दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. दुपारपर्यंत काठ उघडा पडला. ओट्यावरून नदी दिसायला लागली, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

मामा परत आले, काठापर्यंत जाऊन आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "करंज तरी ठेवायचे," एवढंच म्हणाले.

पावसाळ्यात धरणातून पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा काकांचे वाफे कोरडे राहिले. ते स्वतः कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. "बघा, म्हणत नव्हतो मी?" नवराही खूश होता. पाणी मात्र आता वेगळं वाहत होतं. पूर्वी ते काठाशी निरगुडीत घुटमळायचं, काडीकचरा तिथेच अडकायचा आणि खरी धार मधून जायची. आता धार आमच्या काठाला घासत पळत होती.

तिसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा सकाळची वेळ होती. मी फुलं तोडत होते. मागे धप्पकन आवाज झाला. वळून पाहिलं तर शेवटची सरी अर्धी नव्हती. मातीचे उभे काप सुटत होते, झेंडूची झाडं उभीच्या उभी पाण्यात उतरत होती. मी ओरडले. नवरा धावत आला तो थेट काठावरच्या पाण्याच्या मोटारीकडे. ती सोडवायला तो खाली वाकला आणि त्याच्या पायामागे जमिनीला भेग गेली. मामांनी त्याचा दंड धरून त्याला अक्षरशः ओढलं. "मोटार जाऊ दे! मागं सर!" दोघं मागे पडले आणि मोटार गेली. दुपारपर्यंत नव्या पाच सऱ्या गेल्या, जुन्या तीनही गेल्या.

संध्याकाळी मी मामांना म्हणाले, "सऱ्या मीच मोजल्या होत्या."

"तुम्ही दोघं एकमेकाला इचारल्याबिगर काय करता का? म्हाईत हाय मला."

"उद्या निरगुडी लावू?"

"उद्या नाय. पाणी उतरू दे."

पाणी उतरल्यावर काका आले. तुटलेला काठ पाहिला. "माझ्यामुळं झालं हे," म्हणाले. मामा म्हणाले, "पाणकणीस काढायला ये, म्हंजी झालं."

काकांच्याच बांधावरून निरगुडीच्या काड्या आणल्या. मामांनी त्या तिरप्या रोवायला शिकवलं, शेंडा वाहत्या पाण्याच्या दिशेला, म्हणजे पाणी काडी उपटत नाही, वरून निघून जातं. पहिल्या वर्षी निम्म्या वाहून गेल्या, त्या पुन्हा लावल्या. पात्रातलं पाणकणीस आता दर उन्हाळ्यात दोन्ही घरं मिळून काढतात. मोठं पाणी आलं तर काकांच्या वाफ्यात अजूनही शिरतं, पण दुसऱ्या दिवशी उतरतं. आमच्या काठाला निरगुडीत गाळ धरू लागला. गेलेल्या सऱ्या मात्र गेल्याच.

गेल्या वर्षी समोरच्या काठावरची बाई पुलावरून चालत आमच्याकडे आली. माझ्याच वयाची असेल. चहा घेतला नाही. म्हणाली, "तुमच्याकडची धार आता आमच्या अंगाला आली. आमचा काठ बोडका हाय."

ती म्हणत होती ते खरंच होतं. मी कोयता घेतला, निरगुडीच्या दोन मोळ्या तोडल्या. नवऱ्याने त्या मोटारसायकलला बांधून पुढे नेल्या, आणि मी तिच्यासोबत पुलावरून पलीकडे गेले. काडी तिरपी का रोवायची, ते तिला करून दाखवावं लागणार होतं.