मेणाचं पांघरूण

रविवारची जेवणं आटोपून हेमांगीताई दिवाणावर आडव्या होतात. पंख्याची घरघर लांब लांब जाते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठवकर उभा दिसतो. चौकटीवर तळहात फिरवत तो तांब्याची पट्टी शोधतोय. स्फोटकांच्या कारखान्यात अंगातली वीज त्या पट्टीला देऊनच आत शिरायचं, हा नेम. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ठवकरची मेल्यावरही गेलेली नाही.

"इथे पट्टी नाही, ठवकर. तसेच या."

तो आत येतो, आणि ताईंच्या पायाखाली चाळणघराची रबरी फरशी असते. स्फोटात उडालेलं छप्पर शाबूत, चाळणीही जागच्या जागी. दारूच्या दाण्यांवर मेणाचा थर चढवायची युक्ती ताईंचीच. घासले, आदळले तरी भडकू नयेत म्हणून. प्रयोगशाळेत वजनं आपटून पाहिली, दाणे ढिम्म. पण तिथे दाण्यांना सगळे जावयासारखे जपत होते.

"मेण कुठे सुटलं?" एवढं एकच त्यांना विचारायचंय.

ठवकर चाळणीतली गाठ उचलून अंगठ्यानं चुरडतो. "मेणानं गाठी व्हत, मॅडम. लाकडी पट्टीनं फोडाले लय वेळ जाये. तुमीच म्हणाल्या, आता हे गरीब गाय झाले. मंग मी असा फोडत गेलो."

ताईंना रडू फुटतं. तो अवघडून उभा राहतो.

"जाड थर द्या ना मंग."

"जाड दिला तर पेटतच नाही. माल परत येतो."

"मंदा कशी हाय?" तो बायकोची चौकशी करतो.

"उद्या रुजू होतेय. तुमच्या जागेवर."

"याच खोलीत?"

"हो, पुन्हा बांधलीय. दुसरी जागा रिकामी नाही. पोरींसाठी नोकरी हवी, म्हणते. मी खूप सांगून पाहिलं."

"मंग तिले एवढं सांगा, गाठीले अंगठा लावू नोको."

"सांगितलं. हो म्हणाली."

ठवकर स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो. "हो म्हणन ते. पण घरी रव्याच्या गाठी ते अशाच फोडते, मॅडम. मी तिचंच पाहून शिकलो."

ताई खडबडून उठतात. पंखा फिरतोय, बाहेर ऊन आहे. उजव्या अंगठ्यावर मेणाचा पातळ पापुद्रा बसलाय. त्या नख लावतात, तर तो अख्खाच्या अख्खा सुटून येतो.